आप्पांचा फोन आप्पांना परत दे

पुण्याहून एका मुलाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. वय 43, चिंचवडला नोकरी. आई-वडील गावी, बेळगुंदी-राकसकोप बाजूला. वडिलांना घरात आप्पा म्हणतात, वय 74, मुंबईत 32 वर्षं नोकरी करून रिटायर झाले आणि गावी घर बांधून राहिले. गेल्या महिन्यात त्यांना फोन आला, मुंबई क्राईम ब्रांचमधून बोलतोय, तुमच्या आधार कार्डावर मुंबईत खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि घरात कोणाला सांगायचं नाही. दीड दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच बसनं बेळगावला गेले, एफडी मोडली आणि 3 लाख 40 हजार आरटीजीएस करून आले.

तो लिहितो, "मावशी, मी शनिवारी गावी गेलो आणि लई बोललो. एवढी वर्षं मुंबईत काढून तुम्हाला एवढं कळलं नाही का म्हणालो. त्यांचा फोन काढून घेतला, बटणाचा दिला, एटीएम कार्ड पण मीच घेऊन आलोय. पोलिसात जाऊया म्हटलं तर नको म्हणाले, गावात कळेल. आता आप्पा घराबाहेर पडत नाहीत, एकादशीच्या भजनाला पण गेले नाहीत. आई म्हणते ताटावर बसतात खरं जेवत नाहीत. मी चुकलो का? आणि परत असं होऊ नये म्हणून काय करू, सगळी खाती माझ्या ताब्यात घेऊ का?"

बाळ, चुकलास. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. तू घाबरलास म्हणून ओरडलास हे मला कळतं, आपल्या माणसाला कोणी लुटलं की आधी राग येतो आणि तो राग काढायला चोर समोर नसतो, समोर आप्पा असतात. पण आप्पांच्या बाजूनं एकदा बघ. दीड दिवस एक परका माणूस त्यांना गुन्हेगार म्हणत होता, कोणाशी बोलू नका म्हणत होता, आणि तो गेल्यावर पोटच्या मुलानं फोन काढून घेतला, कार्ड काढून घेतलं. म्हणजे अटक सुटलीच नाही की त्यांची.

मी हे एवढं का धरून बसलेय ते पण सांगते. मार्च 2025 मध्ये आपल्याच खानापूर तालुक्यात एका म्हाताऱ्या जोडप्याला असंच फोनवरून धमकावून 50 लाखांच्या वर लुटलं आणि शेवटी त्या दोघांनी जीव दिला. पेपरात आलं होतं, तू पण वाचलं असशील. ती बातमी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण पैसा गेल्याचं दुःख माणूस कसंबसं पचवतो पण कोणाला सांगायचं, लोक काय म्हणतील, मुलं काय म्हणतील हे आतून खात राहतं. आप्पा भजनाला जात नाहीत, जेवत नाहीत हे तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, मला विचारशील तर ते सगळ्यात वर पाहिजे होतं. आईला सांग, आप्पा निरवानिरवीचं बोलू लागले, कागदपत्रं काढून ठेवू लागले, रात्र रात्र जागू लागले तर त्यांना एकटं सोडायचं नाही आणि लगेच डॉक्टरला दाखवायचं. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, रात्री पण चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. आप्पा बोलणार नसतील तर तू किंवा आई फोन लावा, घरच्यांनी काय करायचं ते पण ते सांगतात.

तर आज रात्री फोन कर. आईच्या फोनवर कर आणि आप्पांना दे म्हण. जास्त काही बोलायचं नाही, एवढंच म्हण की आप्पा माझं चुकलं, मी तुमच्यावर ओरडायला नको होतं, तुमची काही चूक नाही, शनिवारी येतोय. ते गप्प राहतील, राहू देत. व्याख्यान देऊ नको, आणि "पुढच्या वेळी असं करू नका" हे तर अजिबात म्हणू नको.

"तुमची काही चूक नाही" असं मी आप्पांना उगाच बरं वाटावं म्हणून म्हणायला सांगत नाही. मी 34 वर्षं बेळगावात बँकेच्या काउंटरवर काढली आणि रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षीची एक गोष्ट मला अजून दिसते. एक आज्जी आल्या, सत्तरी ओलांडलेल्या, इरकल लुगडं, हातात जोंधळ्याच्या पिठाला नेतो तसली कापडी पिशवी. एफडी मोडायचीय म्हणाल्या. मी विचारलं कशाला हो आज्जी, तर म्हणाल्या नातवाच्या फीचं हाय बाई. बोलताना माझ्याकडं बघत नव्हत्या, पिशवीकडं बघत होत्या, आणि त्या पिशवीच्या कापडातून आतला उजेड दिसत होता. फोन चालू होता आत. कोणीतरी आमचं बोलणं ऐकत होतं. मला तेव्हा एकदम काय करावं सुचेना, मग स्लिपच्या मागं मोठ्या अक्षरात लिहिलं, "फोनवर कोण आहे? भीती वाटते का? मान हलवा" आणि सही करा म्हणून पुढं सरकवलं. आज्जींनी वाचलं आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. मान हलवली. मी काउंटरच्या बाहेर येऊन त्यांच्या पिशवीतला फोन बंद केला तेव्हा त्या माझ्या हाताला धरून जे रडल्या ते बँकेतल्या सगळ्यांनी बघितलं. सातवी शिकलेल्या बाई, तीन मुलं वाढवलेली, दोन एकर शेत एकटीनं केलेलं. मूर्ख होत्या का त्या? त्याच वर्षी मी दुसऱ्या एकाला मात्र विचारलं नाही. फौजेतून रिटायर झालेले गृहस्थ होते, ताठ चालणारे, फॉर्म नीट भरलेला, मला वाटलं यांना काय विचारायचं. दोन दिवसांनी ते परत आले तेव्हा त्यांचा चेहराच सगळं सांगत होता. ते मी विसरणार नाही.

हे फोन करणारे असेतसे नसतात. कंबोडिया, म्यानमार, लाओस इकडं मोठमोठ्या इमारतीत बसून हाच धंदा चालतो, समोर बोलायचा मजकूर लिहिलेला असतो, मागं पोलीस ठाण्यासारखा देखावा, वायरलेसचा आवाज, अंगावर वर्दी, एक जण दम देतो आणि दुसरा गोड बोलतो की काका मी तुम्हाला वाचवतो. तिथं कामाला ठेवलेल्यांत आपल्याच देशातनं नोकरीच्या नावाखाली फसवून नेलेली पोरं पण असतात. यांच्या जाळ्यात डॉक्टर, प्रोफेसर, बँकेचे मॅनेजर, मोठमोठे अधिकारी अडकलेत. आणि डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कुठंच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये मन की बातमध्ये हे सांगितलं, सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये एका वयस्क जोडप्याच्या पत्रावरून स्वतःहून दखल घेतली आणि तपास सीबीआयकडं दिला. म्हणजे देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाला ज्याची काळजी पडली त्यात आप्पा एकटे सापडले आणि तेही तुझ्यासारखं शिकलेलं कोणी शेजारी नसताना. हे त्यांना सांग, पेपरचं कात्रण मिळालं तर दाखव.

आता आपल्या भागाचं एक सांगते, कारण पुण्यात बसून हे लक्षात येत नाही. आपल्याकडं म्हाताऱ्या मराठी माणसाला ऑफिसातलं कुठलं पत्र, कुठला मेसेज नीट वाचता येत नाही, बँकेचा मेसेज इंग्लिशमध्ये, विजेचं बिल कन्नडमध्ये, रेशनचं कन्नडमध्ये, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये. कन्नड बोलायला येतं, बाजारात, शेतात, शेजारी चालून जातं पण वाचायला येत नाही. सरकारी कागद म्हटला की पोटात गोळा येतो की कायतरी चुकलं असेल आणि आपल्याला कळलं नसेल. अशा माणसाला फोनवर कोणीतरी मराठीत, नाहीतर मुंबईच्या हिंदीत समजावून बोललं की तो आपला वाटतो. आणि आप्पांसारख्याला तर मुंबई म्हटलं की खरंच वाटणार, आयुष्य तिथं गेलं, तिथल्या चाळीचा पत्ता कधीकाळी कार्डावर होता, तिथं आपल्या नावावर कोणी काही केलं असेल असं मनात यायला वेळ लागत नाही. आपल्या पट्ट्यात प्रत्येक गावात मुंबईहून परत आलेली माणसं आहेत, आणि बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमुळं फौजेची पेन्शन खाणारी पण आहेत. वर्दीला मान द्यायची सवय असलेली माणसं. त्या सवयीवरच हे लोक जगतात.

म्हणून गावात एक कन्नड वाचणारं माणूस आप्पांसाठी ठरवून ठेव. शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा असेल, कन्नड शाळेतले मास्तर असतील. मेसेज आला की त्यांना दाखवायचा, यात कमीपणा काही नाही, आपण पण त्यांची मराठी पत्रं वाचून देतो की.

पैशाचं. आज किती दिवस झाले असतील ते असू दे, तक्रार आजच करायची. 1930 हा सायबरचा नंबर, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन ही सरकारी साईट, तिच्यावर तू पुण्यातून पण तक्रार भरू शकतोस, राज्य कर्नाटक आणि जिल्हा बेळगाव निवडायचा. भरायच्या आधी आप्पांच्या बँकेतून आरटीजीएसचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर घे, तारीख, वेळ, रक्कम, ज्या खात्यात गेले तो नंबर, आणि चोरांचे व्हॉट्सॲप नंबर. व्हॉट्सॲपवरचं काही डिलीट करू नको, आप्पांचा तो फोन तुझ्याकडं आहे ना, त्यातले सगळे कॉल आणि फोटो सांभाळ, खोट्या अटकेचं वॉरंट पाठवलं असेल तर तोच पुरावा. गावातून 1930 ला फोन लावलास तर समोरून बहुतेक कन्नडमध्ये बोलतील, गडबडायचं नाही, कागदावर सगळं लिहून ठेवून हिंदीत सांग नाहीतर कन्नड येणाऱ्याला शेजारी बसव. तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यात फिरले तिथं जेवढे शिल्लक असतील तेवढे अडवले जातात आणि पुढं कोर्टाच्या आदेशानं परत मिळू शकतात. पहिल्या एक-दोन तासात फोन गेला तर जास्त सापडतात, उशीर झाला की कमी, कारण ते लोक पैसे दहा खात्यातून फिरवून काढून घेतात. तुला खोटी आशा दाखवत नाही. पण काहीच न करण्यापेक्षा हे बरं, आणि तक्रारीमुळं ती खाती बंद झाली तर पुढच्या कोणाचे तरी वाचतील.

बँकेत पण लेखी अर्ज दे आणि पोच घे. इथं एक गोष्ट स्पष्ट असू दे. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे की तुमची चूक नसताना परस्पर कोणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही 3 कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण आप्पांनी स्वतः सही करून पाठवलेत, त्यामुळं त्या नियमात हे बसवायला जाऊ नको, बँकेशी भांडण्यात दिवस घालवू नको. मात्र अंगठ्यानं, कार्डानं, लिंकवरून असं परस्पर कधी गेलं तर हा 3 दिवसांचा नियम लक्षात ठेव.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा, हे आप्पांना आधी सांग. परत फोन येणार. एकदा ज्यानं पैसे दिले त्याचा नंबर हे लोक पुढं विकतात. या वेळी सायबर सेलमधून बोलतोय म्हणतील, वकील म्हणतील, तुमचे 3 लाख 40 हजार सापडलेत, सोडवायला 15 हजार फी भरा, टॅक्स भरा. आकडा बरोबर सांगतील, तारीख बरोबर सांगतील, म्हणून खरं वाटेल. गेलेले पैसे मुलाला न कळवता गुपचूप परत आणावेत असं आप्पांना मनातून वाटत असणार, आणि तू जेवढा चिडून राहशील तेवढं जास्त वाटणार. खरे पोलीस पैसे परत द्यायला पैसे मागत नाहीत.

खाती ताब्यात घेऊ का विचारलंस. नको. त्यांची पेन्शन आहे, त्यांच्या घामाचे पैसे आहेत, आज तू चांगल्या मनानं घेशील पण उद्या नातवाला वाढदिवसाला शंभर रुपये द्यायचे तर तुला विचारायला लागलं तर तो माणूस संपला. एवढ्या वर्षांत काउंटरवर मी मुलांनी ताब्यात घेतलेली खाती पण बघितलीत, सगळी चोरांच्या भीतीनं घेतलेली नव्हती, जास्त सांगत नाही.

त्याऐवजी बँकेतली एक सोपी व्यवस्था आहे जी लोक करत नाहीत. आप्पांची दोन खाती ठेव. एक लहान, त्यात महिन्याच्या खर्चापुरते आठ-दहा हजार, फोनपे, एटीएम जे काय असेल ते त्यालाच जोडलेलं. दुसरं पेन्शनचं मोठं, त्याला यूपीआय नाही, नेट बँकिंग नाही, कार्ड नाही, पैसे काढायचे तर बँकेत जायचं. लहान खात्यातून गेले तरी दहा हजारच जातील. एफडी जी उरलीय ती आप्पा-आई दोघांच्या नावावर असेल, आणि बहुतेक त्यावर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" असं लिहिलेलं असेल, इंग्लिशमध्ये ईदर ऑर सर्व्हायव्हर म्हणतात ते. एकटा माणूस ती मोडू शकतो का ते बँकेत विचार आणि ते बदलून दोघांची सही लागेल असं करून घे. मग एफडी मोडायची तर आईला सोबत न्यायलाच लागेल. चोर म्हणतो घरात कोणाला सांगू नका, आणि बँक म्हणते दोघांनी या. तिथंच त्याचा डाव मोडतो. यात आप्पांचा मान पण जात नाही, कारण आईनं पैसे काढायचे तर आप्पांची पण सही लागणार. नॉमिनी कोण आहे तेवढं जाता जाता बघून घे. कार्डाची रोजची मर्यादा कमी करता येते, आणि परदेशातला, ऑनलाईनचा व्यवहार बंद ठेवता येतो, ते बँकेच्या ॲपमधून नाहीतर ब्रांचमध्ये सांगून पाच मिनिटात होतं. आप्पांना चालत असेल तर खात्याला तुझा ईमेल जोडता येईल का विचार, म्हणजे मोठा व्यवहार झाला की तुला कळेल. आप्पांना विचारूनच हं, त्यांच्यामागून नको.

फोनचं तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस, तरी सांगते. त्यांचा स्मार्टफोन साफ करून परत दे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं काही असेल तर काढ, या ॲपमधून समोरच्याला आपला स्क्रीन दिसतो. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे, ती चालू कर, ग्रुपमध्ये फक्त ओळखीचे घालू शकतील असं कर, टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन टाक आणि तो पिन आईच्या पोथीत लिहून ठेव. कॉल फॉरवर्ड कुठं लागलाय का ते स्टार हॅश 21 हॅश दाबून बघ, लागला असेल तर हॅश हॅश 002 हॅश. बाहेरून ॲप घ्यायची परवानगी व्हॉट्सॲपला, क्रोमला बंद कर, कारण हल्ली लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून, पीएम किसानची यादी म्हणून जी फाईल येते तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, ती पत्रिका नसते, ॲप असतं, उघडून इन्स्टॉल केलं की मेसेज, ओटीपी सगळं चोराकडं. आपल्याकडं तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा पाऊस असतो त्यामुळं हे आईला पण दाखव, पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असेल तर बघायची, काही इन्स्टॉल करायला सांगितलं की बंद.

मेसेज खरा की खोटा हे भाषा न वाचता ओळखायची एक खूण आहे. 2025 पासून कंपन्या, बँका, सरकार यांच्या मेसेजवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं त्याच्या शेवटी एक अक्षर येतं, सरकारी असेल तर इंग्लिश जी, सर्व्हिसचा एस, व्यवहाराचा टी, जाहिरातीचा पी. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून "आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा" आलं तर तो हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा नाही. आणि आपल्या गावात वीज तोडायची झाली तर लाईनमन येतो, त्याला गाव ओळखतं, आप्पांना एवढं सांगितलं तरी पुरे. आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 येत असतील तर त्याच्या केवायसीसाठी म्हणून पण फोन येतात, अडलं तर गावातल्या सरकारी सेवा केंद्रात, ज्याला ग्राम वन म्हणतात तिथं, नाहीतर अंगणवाडीत जाऊन विचारायचं, फोनवर काही नाही. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा असतो तेव्हा तर ओटीपी मागणारे हमखास येतात. दाखल्यासाठी फोनवर कोणाला ओटीपी सांगायचा नसतो, बँकेत जायचं, पोस्टात जायचं, नाहीतर तू घरी असताना जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून होतो.

अंगठ्याचं राहिलं. आधारच्या अंगठ्यानं पण खात्यातून पैसे निघतात, आणि 2023 मध्ये कर्नाटकात दस्त नोंदणीच्या कागदांवरचे ठसे वापरून असे पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या होत्या. शेतजमिनीचे व्यवहार, वाटण्या कोणाच्या घरात होत नाहीत. आधारच्या सरकारी ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा वापर, लॉक करता येतं, फुकट आहे, ते करून ठेव. फक्त रेशनला अंगठा लागतो त्या दिवशी तात्पुरतं उघडायला लागेल, नाहीतर आई रांगेत उभी राहून रिकाम्या हातानं परत येईल, तेव्हा ते उघडायचं काम तुझं, महिन्याची तारीख विचारून ठेव.

आता आप्पांच्या तोंडात एक वाक्य बसव. लोक म्हाताऱ्यांना शिकवतात की "माझ्या मुलाला विचारून सांगतो" म्हणा. आप्पांसारखा माणूस ते कधी म्हणणार नाही आणि म्हणायला पण नको. त्यांनी म्हणायचं, "तुमच्या ठाण्याचा पत्ता सांगा, मी बेळगावच्या पोलिसांना घेऊन भेटायला येतो," आणि फोन ठेवायचा. त्याचं उत्तर ऐकायला थांबायचं नाही. फोन ठेवला की खोलीतून उठून सोप्यात यायचं जिथं आई बसलेली असते. तुझी आई त्या दिवशी सोप्यात शेंगा फोडत होती आणि आत दार लावून आप्पा ऑफिसचं काम आहे म्हणत होते असं तू लिहिलंयस. रिटायर होऊन चौदा-पंधरा वर्षं झालेल्या माणसाला कसलं ऑफिसचं काम, आईला तेव्हाच खटकलं असेल, पण विचारायची पद्धत नाही आपल्याकडं. आता विचारायचं असं दोघांत ठरू दे. दार लावून कोणाशी फोनवर बोलायचं नाही, ना आप्पांनी ना आईनं ना तू गावी गेल्यावर.

आणि घरचा एक शब्द ठरवा. हल्ली मुलाचा, नातवाचा आवाज हुबेहूब काढून फोन करतात की मला अपघात झालाय, पैसे पाठवा. असा शब्द पाहिजे जो फेसबुकवर कुठं नाही. तुमच्या एखाद्या शेताचं नाव असेल जे घरातच म्हणतात, जुन्या बैलाचं नाव असेल. तो शब्द आप्पांनाच ठरवू दे.

शनिवारी जाशील तेव्हा कार्ड आणि फोन घेऊन जा आणि त्यांच्या हातात दे. गावातल्या बाकीच्यांसमोर विषय काढू नको, पण आप्पांना एक विचारून बघ, भजनी मंडळातल्या जवळच्या एकाला सांगूया का. त्यांच्यातल्याच कोणाला तरी असा फोन येऊन गेलेला असणार, मी पैज लावून सांगते, फक्त कोणी बोललेलं नाही. ते नको म्हणाले तर आग्रह करू नको, महिन्याभरानं परत विचार.

सोमवारची सुट्टी काढ. आपल्याकडं सायबरच्या तक्रारी घेणारं पोलीस ठाणं म्हणजे सीईएन, बेळगावात शहराचं वेगळं आणि जिल्ह्याचं वेगळं आहे, कुठलं ते तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात विचारून जा. ऑनलाईन तक्रारीची प्रिंट, बँकेचा अर्ज, यूटीआर सगळं एका फाईलीत लाव. आप्पा वर्दीला घाबरतील, दीड दिवस वर्दीतल्या माणसानंच छळलंय त्यांना, त्यामुळं आधी बाहेर चहा घ्या, त्यांना म्हण की हे खरे पोलीस आहेत, यांच्या खोलीचं दार उघडं असतं आणि आपण उठून कधी पण जाऊ शकतो. आत गेल्यावर काय झालं ते आप्पांना सांगू दे, ते अडखळले तरी मध्ये बोलू नको. कन्नड अडलं तरच तू बोल. बाकी तू शेजारच्या खुर्चीवर फाईल धरून बस.